ड्रम वाजवायचे तर नोटेशन यायलाच हवं का?

प्रश्न: दादा, मी डोंबिवलीचा, वय २२. आठवीपासून पथकात ताशा वाजवला, आता चार वर्षं ड्रमसेट, सगळं ऐकूनच. मागच्या महिन्यात एका म्युझिकल नाटकाच्या तालमीला बोलावलं, अरेंजरने, म्हणजे कोणी काय वाजवायचं ते लिहिणाऱ्याने, समोर चार पानं ठेवली आणि लगेच वन टू थ्री फोर. मला काही कळेचना, शेवटी दुसऱ्याला घेतलं. मित्र म्हणतात ड्रमरला कान पाहिजे, वाचायची काय गरज. खरं काय?

उत्तर: अरे, वाईट वाटलं वाचून, कारण हात तयार असताना कागदापायी काम जाणं फार लागतं. मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, बडी रिचसारख्या अमेरिकेतल्या नामांकित जाझ ड्रमरला नोटेशन, म्हणजे कागदावर खुणांनी लिहिलेलं संगीत, वाचता येत नव्हतं, नवीन पीस तो दुसऱ्या ड्रमरकडून एकदा वाजवून घ्यायचा, ऐकायचा आणि मग स्वतः बसायचा. पण आपल्याला आधी वाजवून दाखवणारा कोण देणार, इथे स्टुडिओचं भाडं तासावर असतं. आपल्या तबल्याची तालीमही तोंडीच, पण बोल आधी जिभेवर बसतात ना, म्हणजे लिपी आहेच, ती तोंडात आहे एवढंच. आणि याच मुंबईत फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला गोव्याचे वादक स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं संगीत, बघून वाजवायचे, सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर ते लिहायचे, म्हणून तर एवढा मोठा ऑर्केस्ट्रा एका दिवसात गाणं उभं करू शकायचा.

माझं मत स्पष्ट आहे, शीक. पियानोवाल्याइतकं तुला शिकायचं नाहीये, सूर नाहीत, फक्त कधी आणि कशावर मारायचं. पाच रेघा घे, दोन रेघांमधली जागा म्हणजे घर, सगळ्यात खालच्या घरात किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम), खालून तिसऱ्या घरात स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), वरच्या रेघेच्या वर फुलीने हायहॅट (झांजांची जोडी). आता केरवा म्हण, धा गे ना ती ना क धी ना, आठ मात्रा, म्हणजे फोर-फोरच्या, चार ठोक्यांच्या, एका बारमध्ये (बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधला एक तुकडा) आठ एट्थ नोट्स, प्रत्येक अर्ध्या ठोक्याची, वर आठ फुल्या काढ, पहिल्या आणि पाचव्या फुलीखाली किक, तिसऱ्या आणि सातव्याखाली स्नेअर. झाला ना तुझा रोजचा बीट, तुझ्याच अक्षरात! (काही पुस्तकांत जागा थोड्या वेगळ्या असतात, पहिल्या पानावरची खूण बघायची.)

खरी अडचण ठोक्यांची नसते, रस्त्याची असते. रिपीट कुठून, दुसऱ्या वेळी कुठल्या बारवरून उडी, आठ बार गप्प बसायचं तर मोजायचं कसं. मी एकदा रेकॉर्डिंगला दोन बारचा ब्रेक, म्हणजे गप्प बसायची जागा, न बघता वाजवत सुटलो आणि वीस जणांचा टेक गेला, तेव्हापासून आधी पेन्सिलने रिपीट आणि ब्रेकना गोल करतो, मग स्टिक उचलतो.

रोज वीस मिनिटं दे. रेकॉर्डिंग ऐकून एकेक बार लिही, तेच उलट वाचून वाजव, ताशा मात्र अजिबात सोडू नकोस. आणि त्या अरेंजरला फोन करून ती चार पानं माग, शिकायचंय म्हणून सांग, बहुतेक देईल.