जिब्राल्टरचा खडक ज्वालामुखीतून तयार झालाय का?

नाही, ज्वालामुखीचा काहीच संबंध नाहीये. मग स्पेनच्या दक्षिण टोकाला, सपाट किनाऱ्यावर हा एकटाच डोंगर आला कुठून म्हणाल, तर तो आलाय समुद्राच्या तळातून. डोंगराची अख्खी धार चुनखडीची आहे (बरीचशी डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम शिरलेली चुनखडी, झालेली), सर्वात उंच जागा ४२६ मीटर, आणि हा दगड ज्युरासिक कालखंडाच्या सुरुवातीला म्हणजे साधारण २० कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात शिंपल्यांचा चुरा आणि चुन्याचा गाळ बसून बनला.

पण खरी भारी गोष्ट वेगळीच आहे, हा डोंगर उलटा आहे! आफ्रिका आणि युरोपच्या रेटारेटीत थरांना मोठी घडी पडली आणि ती इतकी कलंडली की मुख्य धारेत जुने थर वर आणि नवे खाली अशी गत झाली. आता उलटं हे ओळखायचं कसं, तर एक म्हणजे जीवाश्मांवरून, आणि दुसरी खूण मला फार आवडते: मेलेल्या शिंपल्याच्या पोकळीत गाळ नेहमी तळाशी बसतो आणि वरच्या रिकाम्या जागेत नंतर पांढरे कॅल्साइटचे (चुनखडीतल्या खनिजाचे) स्फटिक वाढतात, म्हणजे गाळ आणि स्फटिकांमधली रेघ ही त्या काळची लेव्हल पट्टीच झाली, आणि दगडात स्फटिक खाली नि गाळ वर दिसला की समजायचं थर पालथा पडलाय.

उत्तरेकडून काढलेला या डोंगराचा एखादा फोटो झूम करून बघा. थरांच्या रेषा उजवीकडे म्हणजे पश्चिमेला उतरताना दिसतील. म्हणूनच पश्चिमेचा उतार त्यामानाने सौम्य आहे, शहर तिथेच वसलंय, आणि पूर्वेला सरळ कडा. स्पेनला जोडणारी पट्टी नुसती वाळूची, त्यामुळे लांबून तो बेटासारखा दिसतो.

डोंगरावर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांमधून चुनखडी विरघळवत आत जातं, त्यातूनच सेंट मायकल्ससारख्या गुहा झाल्या. गोरहॅम्स केव्हसारख्या पायथ्याच्या गुहा आज लाटांच्या जवळ आहेत, पण हिमयुगात समुद्र १०० मीटरहून जास्त खाली गेला होता तेव्हा त्यांच्यासमोर मोकळं मैदान होतं आणि तिथे निअँडरथल (आपल्या जवळच्या नात्यातली, आता नामशेष झालेली) माणसं राहायची. १८४८ मध्ये इथल्या फोर्ब्स खाणीत निअँडरथल कवटी सापडली, जर्मनीतल्या ज्या शोधावरून त्यांना निअँडरथल हे नाव मिळालं त्याच्या ८ वर्षं आधी, फक्त तेव्हा ती कुणाची आहे हे कुणाला कळलं नाही!

आणि पाणी असं आत मुरून जात असल्यामुळे पिण्यासाठी २० व्या शतकात पूर्वेच्या कड्याखालच्या वाळूच्या उतारावर पत्रे अंथरून पाऊस अडवायचे आणि डोंगरात खोदलेल्या टाक्यांत साठवायचे. आता समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, पत्रे काढून टाकलेत.