स्नोमोबाईलला नवा एक्झॉस्ट पाईप बसवलास, आता क्लचकडे बघ

पाईप बदलला की इंजिनाची कमाल ताकद वेगळ्या आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) येते, पण क्लच, म्हणजे पट्ट्याने जोडलेली पुढची-मागची पुली, जुन्याच हिशोबाने चालत राहतो. म्हणून आवाज वाढतो, ओढ मात्र वाढत नाही. क्लच उघडण्याआधी इंधनाचं मिश्रण तपास. टू-स्ट्रोकमध्ये ते पातळ, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, राहिलं तर पिस्टन जळतो, मग ट्यूनिंग कशाचं करणार?

पाईप बनवणाऱ्याने कमाल ताकदीचा आरपीएम दिलेला असतो. पूर्ण थ्रॉटलला काटा तिथेच टिकला पाहिजे. वर पळाला तर पुढच्या, इंजिनाकडच्या क्लचमधली वजनं जड कर, खाली अडखळला तर हलकी. एकेका ग्रॅमनेच बदल, आणि तिन्ही वजनं सारखी ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची; मी एकदा घाईत स्प्रिंग आणि वजनं दोन्ही बदलली, आणि फरक कशाने पडला ते शेवटपर्यंत कळलं नाही!

चाचणी पाईप चांगला तापल्यावरच घे. थंड पाईपवर आरपीएम कमी दिसतो, आणि माणूस उगाच वजनं हलकी करून बसतो. बर्फही दर वेळी सारखाच हवा. मागच्या क्लचच्या हेलिक्सला (आतल्या तिरक्या उताराच्या भागाला) सध्या हात लावू नकोस.