१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? नसेल तर हाताने अवयव कसे काढायचे?

मूळ नाही. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ चा हा वर्ग आहे. त्यामुळे अवयव १११११११११ चेच काढा आणि शेवटी प्रत्येकाचा घात दुप्पट करा.

१११११११११ = १११ × १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भागा, ३३३६६७ येतात. खरं काम इथे आहे. वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या शंभराहून जास्त मूळ संख्या तपासायच्या? गरज नाही. ३३३६६७ ला भागणारी कोणतीही मूळ संख्या ९९९९९९९९९ लाही भागणारच. पण ती ९९९ ला भागू शकत नाही, कारण ९९९ चे मूळ अवयव ३ आणि ३७ एवढेच, आणि त्या दोघांनी ३३३६६७ ला भागलं की बाकी १ उरते. म्हणजे १० च्या घातांना त्या संख्येने भागत गेलात तर बाकी १ पहिल्यांदा नवव्या घाताला येते. फर्माच्या प्रमेयानुसार १० चा घात त्या संख्येपेक्षा एकने कमी घेतला तरी बाकी १ च येते, म्हणून त्या संख्येतून १ वजा केल्यावर ९ ने भाग जातो, आणि ती विषम असल्याने २ नेही. थोडक्यात, त्या संख्येला १८ ने भागल्यावर बाकी १ च यायला हवी. ३७ वगळता अशा उमेदवार फक्त १६: १९, ७३, १०९, १२७, १६३ … ५७७. एकानेही भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ.

उत्तर: ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातो, असं कारण देऊ नका. हा नियम ३ आणि ९ पुरताच. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, पण २७ ने भाग जात नाही. इथे ८१ ने भाग जातो तो १११११११११ ला ९ ने जातो म्हणून.

पडताळा एक्सेलमध्ये करू नका. तिथे १५ अंकच टिकतात, शेवटचे २१ जाऊन ०० येतात. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येतही शेवट ३२१ ऐवजी ३२० होतो. पायथॉनचे पूर्णांक अचूक राहतात.

या संख्येचा मला सर्वांत आवडणारा गुण गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी अभ्यासलेला आहे. मधला ९ बाजूला ठेवा: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. बेरजेत मधलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. अशा संख्यांना त्यांनी डेम्लो नाव दिलं, त्या वेळच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावरून, म्हणजे आजची डोंबिवली. दहा वेळा १ घेतलात तर मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा डावीकडे सरकतो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. तो उलटसुलट सारखा वाचता येत नाही.