इटालियनमधून पोर्तुगीजमध्ये व्यवस्थापनाचा मजकूर करून घ्यायचाय, अनुवादक कसा शोधू?

तुम्हाला कंपनीचा वार्षिक अहवाल आणि व्यवस्थापकांची प्रशिक्षण पुस्तिका पोर्तुगीजमध्ये हवी आहे. माझा उलट प्रश्न: वाचणार कोण, पोर्तुगालचे की ब्राझीलचे? हे ठरल्याशिवाय कुणालाही ईमेल टाकू नका.

मी अनुवादाची कामं वाटून देतो आणि तपासतो. एका इटालियन अहवालात उलाढालीपुढे 'मिल्यार्दो' होतं, म्हणजे शंभर कोटी. ब्राझीलमध्ये त्याला 'बिल्यांव' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'मिल मिल्योइंश', म्हणजे हजार दशलक्ष. पोर्तुगालमध्ये 'बिलियांव' असाही शब्द आहे, पण तो लाख कोटींसाठी! अनुवादक ब्राझीलचा, वाचक पोर्तुगालचे; कागदावर कंपनी हजारपट फुगली. छपाईच्या आदल्या दिवशी हे आमच्या लक्षात आलं. त्याला बोल कसा लावणार? वाचक कोण हे आम्हीच सांगितलं नव्हतं.

१९९०च्या करारामुळे दोन्हीकडचं शुद्धलेखन जवळ आलं, शब्द मात्र आपापल्या जागी राहिले. इटालियन 'फात्तुरातो' म्हणजे उलाढाल. ब्राझीलमध्ये तिला 'फातुरामेंतो' म्हणतात, पोर्तुगालच्या अहवालात 'वोलुमे द नेगोसियुश' लिहितात.

शोधायला सुरुवात अनुवादकांच्या संघटनांच्या सदस्ययाद्यांपासून करा: इटलीत एआयटीआय, पोर्तुगालमध्ये आप्त्राद, ब्राझीलमध्ये आब्रातेस. प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावरही भाषाजोडी आणि विषय निवडून शोधता येतं, फक्त तिथे 'बिझनेस' हा विषय जवळजवळ सगळेच टाकतात, त्यामुळे त्यावर विसंबू नका. मातृभाषा पोर्तुगीज असलेलाच माणूस घ्या. दोन्ही भाषा इतक्या सारख्या दिसतात की उत्तम पोर्तुगीज बोलणारा इटालियनही नकळत इटालियन वळणाचं लिहून जातो.

मग चाचणी. तुमच्याच अहवालातला दोनशे-अडीचशे शब्दांचा तुकडा द्या, आणि त्याचे पैसेही द्या. तुकडा 'बिलान्चो' शब्द असलेला निवडा. इटालियनमध्ये हा शब्द नफातोटा पत्रक, ताळेबंद, टिपा अशा सगळ्या वार्षिक हिशेबाला मिळून वापरतात, कधी नुसत्या अंदाजपत्रकालाही. पोर्तुगीज 'बालान्सो' म्हणजे हिशेबाच्या संदर्भात ताळेबंद. डोळे झाकून 'बालान्सो' लिहिणारा बाद. "इथे नेमका कुठला बिलान्चो?" असं विचारणाऱ्याला मी दर जास्त असला तरी काम देतो. शब्द पडताळायला यूर-लेक्स या संकेतस्थळावर युरोपीय संघाचे कायदे इटालियन आणि पोर्तुगीज शेजारी शेजारी उघडतात. मात्र तिथलं पोर्तुगीज पोर्तुगालचं असतं.

अहवाल ब्राझीलच्या सरकारी कचेरीत किंवा कोर्टात द्यायचा असेल, तर गोष्ट वेगळी: तिथे इटालियनसाठी नोंदणी असलेला 'त्रादुतोर पुब्लिको', म्हणजे अधिकृत अनुवादक लागतो. पुस्तिकेला त्याची गरज नाही.

दर मागवताना एकक विचारून घ्या. कुणी शब्दावर दर सांगतो, तर इटलीतले बरेचजण 'कार्तेल्ला'वर, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या पानावर. ते पान कुणाचं १५०० अक्षरांचं असतं, कुणाचं १८०० चं. मी एकदा दोन दर शेजारी ठेवून स्वस्त वाटलेला निवडला, आणि बिल आल्यावर कळलं की त्याचं पान छोटं होतं.