‘हातात घेतलेलं काही पूर्णच करत नाही’ : अकरा अर्धवट मालिकांची गोष्ट

आईचा फोन आला तो असा : “मॅडम, हातात घेतलेलं काही पूर्णच करत नाही हो ही. आता पुस्तकंसुद्धा अर्धवट. पुढे नोकरीचं, संसाराचं काय होणार?”

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. कधी क्लास अर्धवट सोडलेला असतो, कधी तबला, कधी जिम. या वेळी पुस्तकं होती. पुस्तकांवरून मुलीला समुपदेशकाकडे आणायचं म्हणजे अतीच झालं, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटलं नाही, कारण आईच्या आवाजात खरी भीती होती. (मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी १९ वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आली ती हातात वही घेऊन. वहीत पट्टीने आखलेला तक्ता : मालिकेचं नाव, एकूण भाग, वाचून झालेले, घरात असलेले. एकूण ११ मालिका, सगळ्या इंग्रजी. साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या या कादंबऱ्यांना ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात.

“यातल्या कोणत्या सोडू, एवढंच सांगा मॅडम. मी १४ महिन्यांत एकही पुस्तक पूर्ण केलेलं नाही.”

आधी मी बाकीचं विचारलं. झोप, भूक, मैत्रिणी, प्रॅक्टिकल्स. वाचनासोबत इतर सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल आणि ते दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर प्रश्न पुस्तकांचा राहत नाही. मग आधी डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. इथे तसं काही नव्हतं. कॉलेज व्यवस्थित चालू होतं, शनिवारी बॅडमिंटन होतं, जेवण छान होतं. फक्त रात्री दहा वाजता ती कपाटासमोर उभी राहायची आणि तिच्या पोटात गोळा यायचा. नवीन पुस्तक उघडायची चोरी, कारण आधी जुनं संपवायचं. जुनं उघडलं की मागचं काही आठवत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, दहा पानं, आणि फोन हातात.

दुसऱ्या वेळी मी तिला त्यातलं एक पुस्तक आणायला सांगितलं. तिने ‘एरागॉन’च्या मालिकेचा तिसरा भाग आणला, चांगला जाडजूड. एका शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या पोराला ड्रॅगनचं अंडं सापडतं, तिथून ही गोष्ट सुरू होते. लेखकाने ती लिहायला घेतली तेव्हा तो स्वतः १५ वर्षांचा होता, आणि म्हणूनच आठवीत असताना तिला ती आवडली होती. पुस्तकात खूण म्हणून पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, तिकीट होतं, पान २१२ वर. मी ते उचलून पाहिलं. दोन्ही बाजूंनी कोरं. मशिनमधून निघणाऱ्या त्या तिकिटांची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात, तशी ती उडाली होती. कोणत्या दिवशी, कुठून कुठे जाताना ती इथवर आली होती, ते त्या कागदावरही राहिलं नव्हतं.

“आणि तू या पानापासून पुढे वाचायला बघतेस?” मी विचारलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “इथवर वाचलेली मुलगी वेगळीच होती.”

आमचं पुढचं सगळं काम या वाक्यावर उभं राहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे ज्यांचं बालपण फास्टर फेणेवर गेलं, त्यांना हा त्रास कधी झाला नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे प्रत्येक पुस्तकात नवं साहस करतो, आणि ते त्याच पुस्तकात संपतं. पाच वाचा, पंधरा वाचा, मधलं एखादं गाळा, काही बिघडत नाही. या इंग्रजी मालिकांचं तसं नसतं. तिथे एकच गोष्ट तीन, चार, सात भागांत कापलेली असते, आणि कापायची जागाही अशी निवडलेली असते की वाचक लोंबकळत राहावा. त्यामुळे मध्येच सोडलं की मनात उघडं दार राहतं. आईवडिलांना वाटतं, आम्ही पण पुस्तकं वाचली, आम्हाला नाही असं झालं. तेव्हाची पुस्तकं वेगळ्या बांधणीची होती, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

तक्ता मी बाजूला ठेवायला लावला. म्हटलं, एकेक मालिका मला तोंडी सांग. न बघता. मी काहीही वाचलेलं नाही असं धरून चाल.

चार मालिका दोन-दोन वाक्यांत संपल्या. “मग ती राजवाड्यात जाते, मग कुणीतरी फसवतं.” चौथ्या वेळी तीच म्हणाली, “या दोघींची नावं मी एकमेकींत मिसळते आहे बहुतेक.” त्या चारही मालिका मी काही न बोलता गेल्या. तिने वहीत रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं.

पर्सी जॅक्सनवर मात्र ती वीस मिनिटं बोलली. हात हलवत, खुर्चीच्या टोकावर येऊन. पहिले पाच भाग, २००५ ते २००९ मधले, तिने सहावी-सातवीत वाचले होते. पहिल्या भागात पर्सी बारा वर्षांचा असतो, पाचव्यात सोळाचा होतो. अडली होती ती त्यानंतरच्या दुसऱ्या पाच भागांत. मी विचारलं, मग हे का थांबलं? तर म्हणाली, तक्त्यात त्याच्या वर आणखी सहा नावं आहेत, आधी ती संपवायची होती. म्हणजे जे वाचावंसं वाटत होतं ते रांगेत शेवटी, आणि जे नको होतं ते पुढे उभं! मुलांच्या अभ्यासाच्या वेळापत्रकांत हेच मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

‘मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’चा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. ही मालिका मुळात तीन भागांची आखली होती. २००७ ते २००९ मध्ये ते तीन भाग आले आणि तिसऱ्याच्या शेवटी गोष्ट एका मुक्कामाला पोचते. पुढे आणखी तीन भाग निघाले, शेवटचा २०१४ मध्ये. तिचे तीन वाचून झाले होते. “म्हणजे मी हे अर्धवट सोडलेलंच नाही,” ती म्हणाली. तक्त्यात सहापैकी तीन दिसत होते, म्हणून इतकी वर्षं ती स्वतःला नापास करत होती.

अडचण आली ती ‘डायव्हर्जंट’पाशी. तीन भाग, २०११, २०१२ आणि २०१३. दोन वाचलेले. तिसऱ्याची पंचवीस पानं. “ती अजून सोळाचीच आहे मॅडम,” नायिकेबद्दल ती म्हणाली, “आणि मी एकोणीसची झाले. तिचे निर्णय मला आता पटतच नाहीत.” सोडायला एवढं कारण पुरेसं होतं. पण पेन उचलेना. डोळे भरून आले. हा संच बाबांनी दहावीच्या निकालाला आणला होता, अप्पा बळवंत चौकातून, ओव्हरटाइमच्या पैशांतून. बाबांना इंग्रजी कादंबऱ्या वाचता येत नाहीत. दुकानदाराला विचारून आणला होता.

आपल्या घरांत पानात टाकायचं नाही, हे मूल बोलायला लागायच्या आधी शिकतं. चांगलंच आहे ते. अन्नाला मोल आहे, ते शिजवणाऱ्या हाताला मोल आहे. पण हाच नियम आपण नकळत पुस्तकाला, क्लासला, कोर्सला लावतो. टाकलेला भात नासतो. बाजूला ठेवलेलं पुस्तक नासत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी पानात वाढता येतं. हा फरक मुलांना कुणी सांगत नाही. मीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत सांगत नव्हते. “आधी एक काहीतरी पूर्ण कर, मग पुढचं,” असं एका मुलाला मी ठामपणे बजावलं होतं. त्याने ते पूर्ण केलं आणि त्यानंतर वाचायचंच सोडलं. ते मला अजून लागून राहिलं आहे.

तिच्या संमतीने पुढच्या वेळी मी वडिलांना बोलावलं. ते भोसरीला एका वर्कशॉपमध्ये मशिनिंगला आहेत. पहिल्या पाळीवरून थेट आले होते. मी त्यांना अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ओहायोमधल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामभराची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण दर लावला, काहींना सवलत दिली. कुणाला काय मिळेल ते चिठ्ठी टाकावी तसं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं सगळ्यांना तीच होती. फक्त खिशातून गेलेला पैसा त्यांना ओढून नेत होता. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक उरला नाही.

वडिलांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “आमच्याकडे रोजचंच आहे की हे. समजा जॉबवर, म्हणजे मशिनवर लावलेल्या तुकड्यावर, चार ऑपरेशनं झाली आणि पाचव्याच्या आधी कळलं, माप गेलंय. तर पुढचं ऑपरेशन करत नाही आम्ही. चार तास गेले म्हणून पाचवा घालवायचा नाही. लाल डब्यात टाकायचा.” थोडं थांबून म्हणाले, “आणि जो दुरुस्त होण्यासारखा असतो तो पिवळ्या डब्यात. त्याचं रिवर्क होतं. पण दोन्ही डबे एकच समजायचे नाहीत.”

मग लेकीकडे वळले. “तुला आवडेल म्हणून आणला होता गं. वाचलाच पाहिजे म्हणून नव्हता आणला.”

मी मुद्दाम काही बोलले नाही. बोलायचं कामच नव्हतं. माझ्या प्रयोगापेक्षा त्यांचे डबे कितीतरी मोलाचे होते, कारण ज्या माणसाचं मन दुखेल म्हणून ती अडली होती, त्याच माणसाच्या तोंडून ते आलं होतं. निघताना मी तिला एवढंच सांगितलं, की ‘डायव्हर्जंट’च्या तिसऱ्या भागाचे दोन सिनेमे करायचे ठरले होते, त्यातला पहिला २०१६ मध्ये आला आणि दुसरा कधी आलाच नाही. तिला हे माहीत नव्हतं. ती हसली, पहिल्यांदाच मोकळेपणाने.

सोडायची कशी, हाही एक प्रश्न असतो. नुसतं कपाटात मागे सरकवलं तर ते सोडणं होत नाही, लपवणं होतं. लाल डब्यातल्या पुस्तकांचं घराबाहेर काहीतरी करायचं, असं आम्ही ठरवलं. काही कॉलेजमधल्या ज्युनिअर मुलींना गेली, काही जुन्या पुस्तकांच्या दुकानात. ‘डायव्हर्जंट’चा संच मात्र तिने ठेवला, बाबांनी आतल्या पानावर तारीख आणि तिचं नाव लिहिलं होतं म्हणून. वाचायचं सोडणं आणि वस्तू सोडणं या दोन गोष्टी आहेत, एवढं तिला तोवर कळलं होतं.

‘थ्रोन ऑफ ग्लास’ सगळ्यांत लांबलं. सात कादंबऱ्या, शिवाय कथांचं एक पुस्तक, आणि २०१८ मध्ये आलेला शेवटचा भाग तर हजार पानांच्या घरात जाणारा. ही चौथ्या भागात थांबलेली. सोडायचीय, पण सोडवत नाही. दोनदा विषय टाळल्यावर कळलं, ही मालिका ती नाशिकच्या आतेबहिणीबरोबर वाचत होती. रोज रात्री फोन, आज कुठवर आलीस, कोण मेलं. आतेबहीण पुढे गेली, मालिका संपवली, आणि शेवट तोंडातून निसटू नये म्हणून हिच्याशी बोलणंच कमी केलं. ही मागे पडल्याच्या लाजेने फोन करेना. वर्ष झालं. दोघींना वाटत होतं, दुसरी रागावलीय.

यावर मी तिला स्पष्ट सल्ला दिला, एरवी मी फार देत नाही. म्हटलं, आज रात्री फोन कर आणि सरळ सांग, ताई, मी वाचणं थांबवलंय, शेवट तू सांग.

शुक्रवारी आली ती बोलतच आत आली. फोन पावणेदोन तास चालला होता. ताईने सगळा शेवट सांगितला, रडत रडत सांगितला, आणि मधली लढायांची शेकडो पानं आपण भरभर उलटून टाकली होती हेही कबूल केलं. दिवाळीला ही नाशिकला जाणार आहे.

आईला मी काय सांगितलं? तिची भीती खोटी नव्हती. काही मुलं खरोखर जरा कठीण आलं की सोडतात, आणि मग धरून ठेवायला शिकवावं लागतं. ते ओळखायचं कसं, तर मूल कुठल्या टप्प्यावर सोडतं ते बघायचं. पहिल्या अडचणीला सोडतं, की पुरेसं चाखून, कारण सांगून सोडतं? या मुलीने दोन-दोन, तीन-तीन जाड भाग वाचले होते. चिकाटी नसणाऱ्याचं हे लक्षण नव्हे. उलट, चिकाटी नको तिथे खर्च होत होती. आई म्हणाली, “मग मी तिला काय म्हणू?” मी म्हटलं, रात्री विचारा, आज काय वाचलंस. कितवं पान, ते विचारू नका.

पर्सी जॅक्सनच्या दुसऱ्या मालिकेतले दोन भाग तिचे आता वाचून झाले आहेत. तक्त्याची वही केमिस्ट्रीच्या रफ कामाला गेली. ‘एरागॉन’चा तो तिसरा भाग पिवळ्या डब्यात आहे, म्हणजे टेबलावर, खिडकीजवळ. पहिल्यापासून वाचायचा की सोडायचा, तिचं अजून ठरलेलं नाही. कोरं तिकीट पान २१२ वरच आहे. मागच्या वेळी मी त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, “घाई काय आहे मॅडम?”