महाराष्ट्रात लोकसंख्येने पुणे कितवं? कुठे ३१ लाख, कुठे ५० लाख असा आकडा का दिसतो?

पुणे दुसरं, मुंबईच्या खालोखाल. दोन्ही आकडे २०११ च्या जनगणनेचेच आहेत, फक्त हद्द वेगळी.

३१ लाख ही पुणे महानगरपालिकेच्या तेव्हाच्या हद्दीतली माणसं. ५०.५ लाख हा नागरी समूहाचा आकडा: त्यात पिंपरी-चिंचवडचे १७ लाख येतात, शिवाय पुणे, खडकी आणि देहूरोड ही तिन्ही कॅन्टोन्मेंट. कॅम्पात एम. जी. रोडवर राहणारा माणूस पुणेकरच, पण ३१ लाखांत तो मोजलेला नाही, कारण तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे.

महापालिकानिहाय क्रम असा: मुंबई १२४ लाख, पुणे ३१, नागपूर २४, ठाणे १८, पिंपरी-चिंचवड १७, नाशिक जवळपास १५. पुढे कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरार १२ लाखांच्या आसपास, मग औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर.

हमखास चूक होते ती इथे: यादीत पुण्यासमोर ५० लाख लिहायचे आणि खाली पिंपरी-चिंचवड पुन्हा वेगळं दाखवायचं. तीच माणसं दोनदा मोजली जातात. समूह घेतलात तर मुंबईलाही १८४ लाख धरा, आणि ठाणे, कल्याण, नवी मुंबई यादीतून काढा.

स्पर्धा परीक्षेसाठी २०११ चेच आकडे पाठ करा. आजचं पुणे मात्र त्यात मावत नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. वाघोली, सूस, नऱ्हे २०११ मध्ये ग्रामपंचायती होत्या.