खिशातला चाकू : आजचा अभिजात नमुना कोणता?

प्रश्न : माझ्या आजोबांच्या कोटाच्या खिशात लाकडी मुठीचा एक मिटता चाकू कायम असे. पेन्सिलीला टोक करण्यापासून आंबा कापण्यापर्यंत सगळी कामे ते त्याच चाकूने करीत. आज दुकानांत शेकडो प्रकार दिसतात आणि प्रत्येकाची जाहिरात त्याला ‘क्लासिक’ म्हणते. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आलेल्या मिटत्या चाकूंपैकी रोजच्या वापरासाठी हे नाव खरोखर शोभेल असा चाकू कोणता? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एकच नाव घ्यायचे तर मी ‘स्पायडर्को डेलिका’चे घेईन. असा निवाडा करताना मी दोन गोष्टी पाहतो. पहिली, तो चाकू इतक्या वर्षांनंतरही संग्रहासाठी नव्हे, तर मूळच्याच कामासाठी विकत घेतला जातो का. आणि दुसरी, त्याच्या अंगी असलेले गुण आता आपण कोणत्याही नव्या चाकूत गृहीत धरतो का. १९९० साली आलेला डेलिका या दोन्ही कसोट्यांना उतरतो.

दुसऱ्या कसोटीविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. आपल्या आजोबांच्या पिढीचा चाकू उघडायला दोन्ही हात लागत : एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताचे नख पात्यावरच्या खाचेत अडकवायचे आणि ओढायचे. एका हातात दोरी किंवा फांदी धरलेली असली की पंचाईत होई. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन या गावच्या स्पायडर्को कंपनीने १९८१ साली पात्याला एक गोल भोक पाडले आणि मुठीला खिशाच्या काठावर अडकणारी क्लिप लावली. अंगठा त्या भोकावर टेकवून सरकवला की पाते एकाच हाताने उघडते आणि क्लिपमुळे चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्या-नाण्यांत आडवा न पडता नेमका हाताला लागतो. डेलिकाने हीच रचना हलक्या आणि सामान्य माणसाला परवडेल अशा आकारात आणली. आज कोणत्याही कंपनीचा नवा मिटता चाकू हातात घेतला, तर त्यावर क्लिप आणि एका हाताने उघडण्याची काहीतरी सोय बहुधा असतेच.

हा चाकू जपानमधील सेकी या शहरात तयार होतो. तलवारी घडवण्याची कित्येक शतकांची परंपरा असलेले हे शहर आज कात्र्या, वस्तरे आणि सुऱ्यांसाठी ओळखले जाते. नेहमीच्या डेलिकाचे पाते ‘व्हीजी-१०’ या जपानी पोलादाचे असते. त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असल्यामुळे धार बराच काळ टिकते आणि कैरी किंवा लिंबू कापल्यावर पाते काळे पडत नाही. पात्याची लांबी ७३ मिलिमीटर, म्हणजे ३ इंचांहून थोडी कमी, आणि वजन साधारण ७१ ग्रॅम आहे. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची त्याची मूठ दिसायला साधी आहे, पण ओल्या हातातून निसटत नाही. मला सर्वांत आवडतो तो बोथट पाठीपासून धारेपर्यंत सारखे निमुळते होत जाणाऱ्या पात्याचा प्रकार, कारण असे पातळ पाते सफरचंदातून जाताना त्याच्या फाका फोडीत नाही, कापते.

उघडे पाते आपोआप मिटू नये म्हणून असलेले त्याचे लॉक जुन्याच पद्धतीचे आहे. मुठीच्या पाठीवर एक पट्टी असते. पाते पूर्ण उघडले की तिच्या पुढच्या टोकाचा आकडा पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत स्प्रिंगच्या जोराने बसतो आणि मागचा भाग दाबला की सुटतो. ‘बक ११०’ या १९६४ सालच्या अमेरिकी चाकूने ही पद्धत घरोघरी नेली, पण तो जड चाकू लोक पट्ट्याला चामडी म्यान लावून वागवीत. या लॉकची एक काळजी मात्र घ्यावी लागते : खाचेत फळाचा गर किंवा धूळ साचली, तर आकडा पुरता बसत नाही. म्हणून चाकू नळाखाली धुऊन, कोरडा करून सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडावा.

‘मग स्विस चाकूचे काय?’ असे अनेक जण विचारतील. कार्ल एल्सनर यांचा स्विस ऑफिसर चाकू १८९७ सालचा, तर फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातील ओपिनेल १८९० सालचा. दोन्ही निर्विवाद अभिजात आहेत, परंतु ते एकोणिसाव्या शतकाचे अभिजात आहेत आणि आपला प्रश्न त्यानंतरचा आहे. शिवाय ओपिनेलची लाकडी मूठ कोकणातल्या पावसाळ्यात फुगते आणि पाते बाहेर काढताना बोटे दुखतात. चाकू-कारागीर ख्रिस रीव्ह यांच्या ‘सेबेन्झा’ या चाकूने मुठीच्या टायटॅनियमलाच लॉक बनवण्याची पद्धत रूढ केली आणि कारागिरीत तो डेलिकाच्या फार पुढे आहे, मात्र जो चाकू हरवेल या भीतीने घरीच ठेवला जातो, त्याला मी रोजचा म्हणणार नाही.

प्रश्न : असा चाकू खिशात बाळगणे कायद्यात बसते का? माझा मुलगा इंग्लंडमध्ये शिकतो. त्याला भेट द्यावा असा विचार आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : भारतातील शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र मानले जातात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. डेलिका या मापांच्या जवळपासही जात नाही. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना कोणताही चाकू सार्वजनिक ठिकाणी नेऊ नये. विमानप्रवासात तो केबिनमध्ये चालत नाही. चेक-इन सामानातच ठेवावा लागतो.

इंग्लंडसाठी मात्र माझा सल्ला वेगळा आहे. तेथे सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो तो फक्त ३ इंचांपर्यंतच्या धारेचा आणि लॉक नसलेला मिटता चाकू. डेलिकाला लॉक असल्यामुळे तो या सवलतीत बसत नाही, मग पाते कितीही आखूड असो. मुलाला मिटलेल्या अवस्थेत ९१ मिलिमीटर लांबीचा, लॉक नसलेला साधा स्विस चाकू द्या. त्याचे पाते केवळ स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते, म्हणून टोक रुतवून जोर लावण्याचे काम त्याच्याकडून घेऊ नये, एवढे त्याला आवर्जून सांगा.